वर्षभरात आवडलेली पाच पुस्तके आणि त्यांची घरी केलेली बांधणी : कामाच्या नोंदी

६ डिसेंबर २०२५

या वर्षी वाचलेल्या पुस्तकांपैकी जी संपताच पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावीशी वाटली, अशी पाच मी आज वेगळी काढली : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ आणि दया पवारांचे ‘बलुतं’. दोन प्रती घरातल्या आहेत, बाकीच्या पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि रद्दीवाल्यांकडे मिळाल्या. मला आवडलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेल्याखेरीज माझे वाचन पुरे होत नाही. पण यांतली एकही प्रत आज कोणाला द्यावी अशा अवस्थेत नाही. म्हणून पुढचे दोन महिने सुटीच्या दिवशी ही बांधणी करायची आणि त्याच्या नोंदी ठेवायच्या, असे ठरवले आहे.

आरंभीच सांगायला हवे की या पाचही पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या बाजारात मिळतात आणि पैशांचाच हिशेब केला तर नवी प्रत घेणे परवडते. ज्यांना जुनी प्रतच टिकवायची आहे त्यांच्यासाठी या नोंदी आहेत. कामासाठी मी एकच कसोटी ठरवली आहे : बांधून झालेले पुस्तक टेबलावर मधोमध उघडून ठेवले तर हाताने न दाबता उघडे राहिले पाहिजे. जे पुस्तक उघडे राहत नाही ते मजबूत असले तरी वाचले जात नाही, आणि घरोघरच्या कपाटांत असे ‘मजबूत’ केलेले ग्रंथ कितीतरी आहेत.

७ डिसेंबर

आज फक्त तपासणी केली. पहिली परीक्षा कागदाची. शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा हलक्या हाताने एकदा पुढे आणि एकदा मागे दुमडायचा. दुमड धरून ठेवणारा कागद शिवता येतो. तुकडा हातात आला तर सुई लावायची नाही. चार पुस्तके उत्तीर्ण झाली. ‘रणांगण’चा कोपरा दुसऱ्या दुमडीलाच गळून पडला. स्वस्त लगद्याच्या कागदात लाकडातले लिग्निन तसेच राहते आणि त्यातून तयार होणारे आम्ल कागदाला आतूनच पोखरते. ही झीज शिलाईने थांबत नाही, उलट सुईच्या भोकांच्या रांगेवर पान सरळ फाटते.

दुसरी परीक्षा बांधणीची. ‘बनगरवाडी’ बाजूने मारलेल्या दोन लोखंडी तारांवर उभी आहे आणि आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत त्या तारांचा गंज आठ-दहा पानांपर्यंत पसरला आहे. ‘माझा प्रवास’ एके काळी कोणीतरी पुठ्ठ्यात बांधून घेतला होता, पण बाजूने टोचून शिवल्यामुळे ओळींचे शेवटचे अक्षर खाचेत शिरते. ‘स्मृतिचित्रे’ मूळचीच दोऱ्याने शिवलेली असून शिलाई शाबूत आहे. पाठीचे कापड मात्र गेले आहे, पुठ्ठे सुटले आहेत आणि आत कसर दिसली. ‘बलुतं’ केवळ गोंदावर चिकटवलेले आहे. तो गोंद सुकून तडकला आहे आणि पाने सुटी होत आहेत.

कसर असलेले पुस्तक इतरांजवळ ठेवायचे नाही, म्हणून ‘स्मृतिचित्रे’ दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत हवाबंद करून फ्रीजरमध्ये, मासळीच्या डब्यापासून दूर, वरच्या कप्प्यात ठेवली. उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवल्यास अळी आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतले बाष्प थंड कागदावर धरते.

१३ डिसेंबर

सामान जमवले. कप्पा बोर्डाच्या, म्हणजे बांधणीच्या जाड पुठ्ठ्याच्या, दोन शीट, १४० रुपये. बांधणीचे कापड एक मीटर, १३० रुपये. फेविकॉलचा अर्धा किलोचा डबा, १७० रुपये. अस्तरासाठी, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावायच्या कागदासाठी, पुण्याच्या हातकागद संस्थेतला सुती चिंध्यांपासून केलेला कागद बहिणीकडून मागवला होता, तो २४० रुपयांचा झाला. ही संस्था १९४० पासून चालू आहे आणि तिथल्या कागदाला दुमडीत तडा जात नाही, हा माझा अनुभव आहे. जपानी टिश्यू नावाचा अगदी पातळ पण लांब तंतूंचा कागद टपालाने आला, ३५० रुपये. हाच सर्वांत महाग पडला, पण त्याला पर्याय सापडला नाही. ट्रेसिंग पेपर लावून पाहिला, तो खळ, म्हणजे मैद्याची चिकी, लागताच सुरकुतला.

दोरा मोचीकामाचा घेतला, ६० रुपये. मलमल घरातल्या जुन्या धोतराची. दाब देण्यासाठी पाटा आहेच.

खळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा आणि पारदर्शकपणा येऊ लागला की उतरवून सुती फडक्यातून गाळायचा. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यात मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात, म्हणजे कीड लागत नाही. मी घातले नाही. मोरचूद विषारी आहे, पुस्तक मुलांच्या हाती जाणार आहे, शिवाय तांब्याच्या अंशाने कागदाची झीज वाढते. तुरटीही टाळली, कारण ती आम्लधर्मी आहे. अशी साधी खळ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते. तेव्हा लागेल तेवढीच करावी.

२० डिसेंबर

‘बनगरवाडी’च्या तारा काढल्या. तार ओढायची नसते. मागच्या बाजूची वळवलेली टोके बोथट चाकूने उभी करायची, पुस्तक उलटायचे आणि समोरून तार अलगद वर उचलायची. एक तार आतच मोडली, तेव्हा पाने एकेक करून तिच्यावरून सोडवावी लागली आणि दुपार त्यात गेली. गंजाची पूड मऊ कुंचल्याने झटकली. डाग तसेच ठेवले. लिंबू किंवा व्हिनेगर लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण डाग जाण्याच्या आधी कागद जातो.

तारा निघाल्यावर आत सोळा-सोळा पानांचे फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, घडीसह शाबूत सापडले. घड्या शाबूत असल्या म्हणजे फर्मा घडीतून शिवता येतो, ज्याला जुने बाइंडर जुजबंदी म्हणतात, आणि तसे शिवलेले पुस्तकच माझ्या कसोटीला उतरते. ज्या दोन घड्या गंजाने झिजल्या होत्या त्यांच्या पाठीवर टिश्यूची बोटभर रुंद पट्टी पातळ खळीने लावली.

हे काम करताना पाने क्रमाने हातांखालून जातात आणि पुस्तक नकळत परत वाचले जाते. १९५५ सालच्या या कादंबरीत तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीत येतो, शाळा चालवतो, तालीम उभी राहते आणि शेवटी दुष्काळ सगळी वस्ती उठवतो. माडगूळकर दुष्काळाचे वर्णन करीत बसत नाहीत. एकेक कुटुंब निघून जाते, एवढेच ते सांगतात. वाक्ये इतकी छोटी आहेत की एखादे काढून टाकले तर पान ढासळेल. यंदा सर्वांत अधिक वेळा मी हेच पुस्तक उघडले.

२१ डिसेंबर

शिलाई पूर्ण झाली आणि उसवावी लागली. मोचीकामाचा दोरा जाड पडला. प्रत्येक घडीत दोऱ्याची जाडी भरत जाते आणि फर्म्यांगणिक ती वाढते. शेवटच्या फर्म्यापर्यंत पाठ पुढच्या कडेच्या जवळपास दीडपट जाड झाली आणि पुस्तक पाचरीसारखे दिसू लागले. पाट्याखाली रात्रभर ठेवूनही फुगवटा उतरला नाही. ६० रुपये वाया गेले. बारीक लिननच्या दोऱ्याचे रीळ मागवले आहे, २६० रुपये.

पुस्तक जितके बारीक फर्म्यांचे आणि पातळ कागदाचे, तितका दोरा बारीक घ्यावा. दोन फर्म्यांच्या मध्ये नखाने चाचपल्यावर दोरा ठळकपणे जाणवत असेल तर तो जाड आहे.

२७ डिसेंबर

नव्या दोऱ्याने ‘बनगरवाडी’ शिवून झाली. दोरा मधमाश्यांच्या मेणाच्या खड्यावरून ओढून घेतला, त्यामुळे तो पिळत नाही आणि टाका घट्ट बसतो. प्रत्येक घडीत पाच भोके, टोकाची दोन वर-खालच्या कडेपासून सव्वा सेंटीमीटर आत. भोके पाडण्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी मापाची करून घेतली आणि तीच सर्व फर्म्यांत ठेवून दाभण टोचले. अंदाजाने टोचले असते तर टाके वाकडे येऊन फर्मे एकमेकांवरून सरकले असते. टोकाशी दर वेळी सुई खालच्या फर्म्याच्या टाक्यातून घालून वर घ्यायची, म्हणजे फर्मे साखळीसारखे गुंततात. दोरा पाठीच्या रेषेत ओढायचा, वर ओढला तर घडी फाटते.

तारांची जुनी भोके खाचेजवळ दिसतात, पण पुस्तक आता पूर्ण उघडते.

‘स्मृतिचित्रे’ फ्रीजरमधून आठवड्यापूर्वीच काढली होती. आज गच्चीवर सावलीत पान-पान कुंचल्याने साफ केली. मेलेल्या अळ्या खाचेत सापडल्या, जिवंत काही नाही.

२८ डिसेंबर

‘माझा प्रवास’ सोडवायला घेतला. या पुस्तकावर माझे सर्वांत जास्त प्रेम आहे आणि काम म्हणूनही तेच सर्वांत अवघड निघाले. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळवावेत म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघतो, नेमका बंडाच्या मधोमध सापडतो, झाशीचा वेढा आणि नंतरची कत्तल शहराच्या आत राहून पाहतो, पुन्हा पुन्हा लुटला जातो आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परततो. चिंतामणराव वैद्यांनी हे लेखन १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केले. भटजींना वीरगाथा लिहायची नव्हती. जेवायला काय मिळाले, दक्षिणा किती मिळाली, कोणत्या विहिरीवर पाणी भरले हे ते जितक्या नेमकेपणाने सांगतात तितक्याच नेमकेपणाने ते जळणारे वाडे सांगतात. म्हणूनच ते खरे वाटते. असे पुस्तक अर्धवट उघडून, मान वाकडी करून वाचावे लागणे मला सहन होत नव्हते.

बाजूची शिलाई उसवणे सोपे होते. खरा प्रश्न पाठीवरच्या सरसाचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जुन्या गोंदाचा. वाळलेला सरस दगडासारखा घट्ट असतो आणि खरवडायला गेले की घड्या सोलून निघतात. गरम पाण्याच्या फडक्याने शेकून पाहिले. पाणी आत झिरपून कडांना पिवळा ओघळ आला, तेव्हा ते तत्काळ थांबवले. नंतर घट्ट खळीचा जाड थर पाठीवर थापला, वर प्लास्टिक गुंडाळले आणि पाऊण तास तसाच ठेवला. खळ ओलावा हळूहळू सोडते, त्यामुळे सरस मऊ पडतो आणि कागद भिजत नाही. बोथट चाकूने सगळा सरस जेलीसारखा निघून आला. या एका युक्तीसाठी तरी या नोंदी कोणाच्या उपयोगी पडोत.

३ जानेवारी २०२६

गावातल्या एका निवृत्त बाइंडर मामांना सोडवलेले फर्मे दाखवले. आयुष्यभर त्यांनी शाळांची आणि वाचनालयांची पुस्तके बांधली आहेत. त्यांनी फर्मे हातात घेऊन घड्या उजेडाकडे धरल्या आणि म्हणाले, “ताई, वाचनालयाचं पुस्तक शंभर हातांत जातं. त्याला बाजूची शिलाईच लागते, नाहीतर वर्षात परत येतं माझ्याकडे.” त्यांचे म्हणणे रास्त आहे. बाजूची शिलाई झटपट होते, स्वस्त होते आणि सुटी पानेसुद्धा धरून ठेवते; अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला दुसरे काही परवडण्याजोगे नाही. पण घरातल्या पुस्तकाला, जे वर्षात पाच-सहा जण सांभाळून वाचतील, तिची गरज नाही, आणि समास अरुंद असेल तर ती हानीच करते.

मामांनी एक दोष दाखवला जो माझ्या लक्षात आला नव्हता : पहिल्या आणि शेवटच्या फर्म्यांच्या घड्या पूर्वीच्या छाटणीत कापल्या गेल्या आहेत. ती पाने सुटी आहेत. त्यांना दोन-दोन करून हातकागदाच्या अरुंद पट्टीने जोडले आणि पुन्हा फर्मा तयार केला. यात सगळी संध्याकाळ गेली, कारण पट्टी अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी पान बाहेर डोकावते.

११ जानेवारी

‘माझा प्रवास’ शिवून, पाठीवर मलमल लावून झाला. मलमल दोन्ही बाजूंना अडीच सेंटीमीटर बाहेर सोडली. पुठ्ठ्याचा आणि पुस्तकाचा सांधा तीच धरते. पाठीवर फेविकॉल न लावता खळ लावली. पुढे कधी कोणाला हे पुस्तक परत सोडवायचे झाले तर खळ पाण्याने सुटते, फेविकॉल सुटत नाही.

त्याच दिवशी ‘स्मृतिचित्रे’साठी पुठ्ठे कापले, कापड चढवले, अस्तर चिकटवले आणि पाट्याखाली ठेवले.

१२ जानेवारी

सकाळी ‘स्मृतिचित्रे’चे दोन्ही पुठ्ठे बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले. कारण शोधायला वेळ लागला नाही : शीट वाचवण्यासाठी पुठ्ठे आडवे कापले होते, त्यामुळे पुठ्ठ्यातल्या तंतूंची दिशा पाठीला काटकोनात गेली. कागद आणि पुठ्ठा ओले झाले की तंतूंच्या आडव्या दिशेत पसरतात आणि वाळताना तितकेच आक्रसतात. पुठ्ठा, कापड आणि अस्तर या तिघांचीही तंतूंची दिशा पाठीला समांतर हवी. ओळखायचे कसे? शीट न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावी. ज्या दिशेने ती सहज गोल होते, ती वळणाची रेष तंतूंची दिशा होय.

शेकणे, उलटे दाबणे, आतून जास्तीचा कागद चिकटवणे हे सगळे उपाय करून पाहिले. वाक कमी झाला, गेला नाही. पुठ्ठे काढून टाकले. नवीन शीट ७० रुपये. कापड काळजीपूर्वक सोडवून परत वापरता आले.

१८ जानेवारी

‘स्मृतिचित्रे’ पूर्ण झाली आणि सरळ आहे. पुठ्ठा तिन्ही बाजूंना पानांपेक्षा तीन मिलिमीटर मोठा, पाठीजवळची खोबण सात मिलिमीटर. खोबण अरुंद राहिली तर पुठ्ठा उघडताना पहिले पान ओढले जाते.

१९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र इतके जाड असूनही माझ्याकडून दोन बैठकींत वाचून झाले होते. वडिलांचे सोवळ्याओवळ्याचे पराकोटीचे वेड, पती ना. वा. टिळकांचे न सांगता निघून जाणे, त्यांचे धर्मांतर आणि त्यानंतरचा विरह, यांतल्या कोणत्याही प्रसंगात लक्ष्मीबाई कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत. शिक्षण नावापुरते असलेल्या बाईने असे गद्य लिहावे आणि पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुरे करावे, याचे मला दर वाचनात नव्याने आश्चर्य वाटते. शेजारच्या काकूंना ही प्रत पहिल्यांदा द्यायची आहे. त्यांचे मनगट दुखते, जाड पुस्तक त्यांना धरता येत नाही. ते मांडीवर आपोआप उघडे राहिले तरच त्या वाचू शकतील.

२५ जानेवारी

‘बलुतं’मध्ये घड्याच नाहीत, पाठ कापून सुटी पाने गोंदाने चिकटवलेली. इथे जुजबंदीचा प्रश्न येत नाही. पाने क्रमाने जुळवून, कडा समान ठोकून, दोन पुठ्ठ्यांत दाबून धरली. मग पाठ एका बाजूला पंख्यासारखी झुकवायची आणि फेविकॉलचा पातळ हात द्यायचा, नंतर दुसऱ्या बाजूला झुकवून पुन्हा हात द्यायचा. अशाने गोंद प्रत्येक पानाच्या कडेवर केसभर आत जातो आणि प्रत्येक पान दोन्ही शेजाऱ्यांना धरून राहते. वर मलमल. ही एकच जागा जिथे फेविकॉल लागतो, कारण खळ वाळल्यावर कडक होते आणि सुट्या पानांना लवचीक पकड हवी असते.

पूर्वी कोणी चिकटवलेल्या सेलोटेपने मात्र छळले. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने टेप निघाली, पण तिच्या गोंदाचा तपकिरी डाग कागदात मुरला आहे. तो तसाच राहील. वाचकांना एकच विनंती की पुस्तकाला सेलोटेप कधीही लावू नये.

१९७८ च्या या आत्मकथनात शिकलेला, नोकरदार पवार आपल्याच आतल्या दगडूचे बोलणे ऐकतो. मुंबईतली कावाखाना ही वस्ती आणि गावचा महारवाडा यांत तो सतत ये-जा करीत राहतो आणि कुठेच स्थिरावत नाही. स्वतःची लाज जितक्या उघडपणे तो मांडतो, तितके मराठीत फार थोड्यांनी मांडले आहे. वर्षभरात ज्या पुस्तकावर घरात सर्वांत जास्त बोलणे झाले ते हेच.

१ फेब्रुवारी

‘रणांगण’ शिवले नाही. कप्पा बोर्डाच्या उरलेल्या तुकड्यांवर हातकागद लावून चार पाखांचे वेष्टन केले आणि प्रत त्यात ठेवली. १९३९ ची ही छोटी कादंबरी युरोपातून परतणाऱ्या बोटीवर घडते. चक्रधर आणि ज्यू हॅर्टा यांचे प्रेम, आणि सभोवती जवळ येणारे युद्ध. एका रात्रीत वाचून होते आणि महिनाभर सोडत नाही. ती इतरांनी वाचावी म्हणून नवी प्रत विकत घेतली. जुनी आता कोणाला द्यायची नाही.

सामानाचा खर्च जुळवला : वाया गेलेला दोरा आणि पुठ्ठ्याची जादा शीट धरून १,४२० रुपये, नव्या प्रतीची किंमत वेगळी. दोरा, टिश्यू, कापड आणि फेविकॉल बरेच उरले आहे, तेव्हा पुढच्या चार पुस्तकांना फक्त पुठ्ठा आणि अस्तर लागेल. एखाद्याला हे काम सुरू करायचे असेल तर त्याने ‘बनगरवाडी’सारख्या पातळ, घड्या शाबूत असलेल्या पुस्तकापासून करावे आणि सरस लागलेले पुस्तक सर्वांत शेवटी घ्यावे.

‘स्मृतिचित्रे’ काकूंकडे गेली आहे. ‘माझा प्रवास’ बाइंडर मामांनी मागितला आहे. शिलाई वर्षभर टिकते का ते पाहायचे आहे, असे ते म्हणाले, आणि पुस्तक वाचून परत करताना कोणता टाका सैल पडला तेही सांगणार आहेत.